उपाशी ठेवलेली मोहरी

रोहे तालुक्यात शास्त्रशुद्ध शेती करणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! गेल्या वर्षीच्या दिवाळीत मी हे घरात जाहीर केलं तेव्हा माझ्या हातात अर्धी चकली होती, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. पण मी ठाम होतो. धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी लॅबमध्ये आहे, अठरा वर्षं झाली. नमुना घ्यायचा, बाटलीत भरायचा, चिठ्ठी लावायची, तपासायचा. माझ्या सहीशिवाय गेटबाहेर एक ड्रम हलत नाही! अशा माणसाच्या घरचं शेत 'मूठभर टाक, बास झालं' या हिशेबाने चालावं, याची मला मनापासून लाज वाटायची.

शेत म्हणजे रोह्याजवळ वरसे गावात आमच्या घरामागचे आठ गुंठे. पूर्वी चहूकडे शेतंच होती, आता तीन बाजूंना बिल्डिंगा आणि चौथ्या बाजूला पुंडलिककाकांचं शेत. पावसाळ्यात भात आणि भात निघाला की वाल. वाल आईचा! जानेवारीत आईच्या वालाची पोपटी खायला माझ्या दोन्ही बहिणी, त्यांचे नवरे, पोरं आणि नवऱ्यांचे मित्रसुद्धा येतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, पाल्यावर मीठ लावलेल्या शेंगा, मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवायचा. मडकं उघडलं की आई कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि कोण काय म्हणतंय ते ऐकते. वर्षातला तिचा तेवढाच सत्कार.

आणि मी म्हणालो, "यंदा वाल नाही. यंदा मोहरी!"

आईने सोऱ्या खाली ठेवला.

"मव्हरी? फोडणीची?"

"तीच!"

"अरं हऱ्या, शंभर ग्रामची पुडी मला दोन म्हयने पुरते. आठ गुंठ्यांची मव्हरी काय करायची? फोडणीत पवायला जायचं हाय काय?"

मी तिला समजावलं. नत्र दिलं की मोहरीला पानं फुटतात, स्फुरदाने मुळं धरतात, गंधकाने दाण्यात तेल भरतं. योग्य खत, योग्य मात्रा, तर नफा वालाच्या दीडपट! मी हे सगळं वाचलं होतं. छापील होतं. कुठलं खत किती फायद्याचं, ते आपल्याच मातीत सिद्ध करून दाखवायचं, एवढंच राहिलं होतं.

आई बराच वेळ मागच्या दारातून शेताकडे बघत राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने तिथे वालच पेरला होता. मला जरा कसंतरी झालं, पण शास्त्रात कसंतरी होऊन चालत नाही.

"बरं," ती म्हणाली. "पर एक सांगते. मव्हरीनी वालापरीस जास्त नाय दिलं, तर पुन्यांदा माझ्या शेतात कागद घेऊन पाय टाकायचा नाय."

"आणि दिलं तर पुढच्या वर्षीपासून काय पेरायचं ते मी ठरवणार. कायमचं!"

"व्हय. कायमचं," आई म्हणाली आणि तिने सोऱ्या उचलला. त्या दिवशीच्या पुढच्या सगळ्या चकल्या तुटक्या झाल्या.

भात झोडून झाल्यावर मी शेताचे दोन-दोन गुंठ्यांचे चार तुकडे पाडले. पहिल्याला फक्त युरिया. दुसऱ्याला युरिया आणि डीएपी. तिसऱ्याला युरिया, डीएपी, पोटॅश आणि वर गंधक, म्हणजे अगदी लग्नाचं जेवण! चौथ्याला काहीच नाही. प्रत्येक खत मी लॅबच्या पद्धतीने ग्रॅममध्ये मोजून टाकलं. माझी बायको प्रणिता, तिचं अक्षर चांगलं, तिने पाट्या रंगवल्या. चौथी पाटी रंगवताना तिने दोनदा विचारलं, "अहो, 'खत: काही नाही' असंच लिहू?"

"असंच."

"बरं दिसत नाही हो."

तालुक्याच्या कृषी खात्यातल्या नम्रता मॅडम येऊन बघून गेल्या आणि खूश झाल्या. "सर, हा चौथा कंट्रोल प्लॉट सगळ्यात महत्त्वाचा बरं का! त्याला काही म्हणजे काही मिळता कामा नये. मग बाकीच्यांना खताने किती फायदा झाला ते कळतं. जानेवारीत आपण इथे शिवार फेरी ठेवू. पेणपर्यंतचे शेतकरी आणते मी!"

सर! मला शेतात कोणी सर म्हणालं! मी त्या आनंदात घरात सगळ्यांना ओळीने उभं करून नियम सांगितला, की चौथ्याला हात लावायचा नाही.

आईने तोंडाला पदर लावला. "तिघांची पानं भरून वाढलीस नि पंगतीत चवथ्या पोराला कोरडं पान? ह्या घरात असं कदी झालं नाय."

"आई, ते पोर नाही. तो तुकडा आहे."

"तुकडा तर तुकडा. बघतंय ना तो बाकीच्यांकडं!"

पहिले चार आठवडे सगळं छापल्याप्रमाणे झालं. तिसरा तुकडा तरारला. चौथा पिवळट, किडकिडीत, पानं बघावी तर बोटाएवढी. मला काय आनंद! सुट्टीच्या दिवशी मी शिंप्याची टेप घेऊन बांधावर जायचो आणि चौथ्याची उंची मोजून गालातल्या गालात हसायचो. शेजारचे पुंडलिककाका त्यांच्या वालात खुरपत असायचे. एकदा त्यांनी विचारलं, "हरेश, कंपनीत पगार येळेवर होतोय ना रे?"

"होतो की काका. का?"

"नाय, उगाच. शेवटच्या तुकड्यापातूर खत पुरलं नाय वाटतं तुला."

मी त्यांना कंट्रोल म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. काका मान डोलवत होते. डोळ्यांत मात्र एवढी कीव, की माझा पगार खरंच थकलाय की काय असं मलाच वाटायला लागलं.

पाचव्या आठवड्यात चौथा तुकडा दुसऱ्याच्या बरोबरीला आला.

मी टेप उलटीकडून लावून बघितली. तेवढाच. सहाव्या आठवड्यात त्याने तिसऱ्याला मागे टाकलं. मी रोह्याच्या बाजारातून नवीन टेप आणली. नवीन टेपने तो आणखी दोन बोटं उंच भरला! मी घरी ओरडत आलो.

"कोणी पाट्या बदलल्या?"

"मी कशाला बदलू? मी फक्त रंगवल्या," प्रणिता म्हणाली आणि तांदूळ धुवायला लागली. आई निवडत होती ती भाजी जरा जास्तच लक्ष देऊन निवडू लागली. हो, त्या महिन्यात आमच्याकडे पालेभाजी फार व्हायची. चव चांगली होती, म्हणून मी कसली ते विचारलं नाही.

त्यातच वास सुरू झाला. कसला वास म्हणून सांगू! मागचं दार उघडलं की डोळ्यांत पाणी यायचं. बिल्डिंगवाल्यांनी गॅलऱ्या बंद करून घेतल्या. माझ्यासारख्या लॅबमधल्या माणसाने नुसतं हुंगून निदान केलं, की बिल्डिंगची संडासची टाकी भरलीय! मी सेक्रेटरी जगन भोईरांना एवढं झापलं, की त्यांनी दुसऱ्या दिवशी टाकी उपसणारी गाडी बोलावली. टाकी अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. तेव्हापासून भोईर माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

चौथ्या तुकड्याभोवती सहा-सात मांजरं दिवसभर बसून असायची. मला वाटलं, जनावरांनासुद्धा चांगलं पीक कळतं!

शेवटी मला उलगडा झाला. मोहरीला उपास मानवतो! पोटभर मिळालं की पीक आळशी होतं, काही मिळालं नाही की मुळं खोल जातात, जिद्द येते. अठरा वर्षं नमुने तपासून जे मला सापडलं नाही, ते आठ गुंठ्यांत सापडलं होतं. शून्य खर्च, सगळ्यात जास्त पीक, म्हणजे नफाच नफा! मी रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलं: 'खत न देणे हेच सर्वोत्तम खत.' मग मी त्याखाली सही केली. सहीची सवय.

शिवार फेरी जानेवारीतल्या एका रविवारी ठरली. संध्याकाळी पोपटी, म्हणून माझ्या सासूबाई गिरजाबाई आदल्या दिवशीच आल्या. त्यांचं गाव वडखळच्या पुढे खाडीकडे, मिठागरांतलं. डिसेंबरातही त्या दोनदा येऊन गेल्या होत्या. दोन्ही वेळा मोठी पिशवी होती आणि दोन्ही वेळा कंडक्टरने त्यांना एसटीत एकटीला मागच्या सीटवर बसवलं होतं. पिशवीत सुकट असणार म्हणून मी दोन्ही दिवस जिभल्या चाटत जेवायला बसलो, पण ताटात काही पडलं नाही. सासूला कसं विचारणार!

रविवारी सकाळी पस्तीस शेतकरी, नम्रता मॅडम, मांडव, माईक आणि पिवळीधमक मोहरी. बिल्डिंगवाले नाकाला रुमाल लावून गॅलऱ्यांत आले. चौथा तुकडा माझ्या छातीला लागत होता! मी माईक हातात घेतला.

"शेतकरी बंधूंनो, खत बंद करा!"

मॅडमच्या हातातलं पत्रक खाली पडलं.

"सर, आपलं असं ठरलं नव्हतं..."

"मॅडम, पुरावा समोर आहे! या तिन्ही तुकड्यांना मी राजासारखं खाऊ घातलं. ते बघा, गुडघ्याच्या वर गेले नाहीत. आणि हा चौथा! याला मी काय दिलं? काही नाही! शेणाचा पोसुद्धा नाही!"

पुढच्या रांगेत आई खाली बघायला लागली.

"म्हंजे आमी काय पन घालायचं नाय?" पेणकडच्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"काही नाही! शून्य!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खताची दुकानं आता बंद पडणार, मग सरकार मला बोलावणार, मग कंपनीतला साहेब मला खुर्ची देणार, असं सगळं मला त्या टाळ्यांत दिसलं. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात मॅडम चौथ्या तुकड्यात वाकल्या आणि पेनाने माती उकरू लागल्या.

"हरेश सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "हा बोंबील इथे कसा?"

त्यांच्या पेनाच्या टोकाला खरोखरच बोंबलाचं शेपूट होतं. मागच्या मांजराने ते लगेच ओळखलं.

"जावय, रागावू नको," माझ्या सासूबाई उठल्या. "आमचे खारीन नारलाच्या बुडाला सुक्या मासलीची कुटीच घालतान. पोरीनी फोनवर सांगलन, एक तुकरा उपाशी हाय. मना जेवान जाय ना! दोनच पिशव्या घातल्या."

मी प्रणिताकडे बघितलं.

"मी फक्त आईला सांगितलं हो! आणि तांदळाचं धुवण... ते मोरीत ओतण्यापेक्षा तिथे ओतत होते. रोज. कधी कधी ताकसुद्धा."

"ताक?"

"आंबट झालेलं!"

पुंडलिककाका खाकरले. "आता निघालंच हाय तर सांगतो. मी पन ओंजळभर युरिया टाकत होतो. तू शिफ्टला गेलास का. मला वाटलं, पोराला तंगी हाय, लाजतंय सांगायला."

"किती वेळा?"

"मोजलं नाय. दिल्यालं मोजू नये."

पस्तीसच्या पस्तीस शेतकरी आता पुढे सरकून बसले होते. माईक माझ्याच हातात होता, त्यामुळे पुढचं सगळं संभाषण दोन बिल्डिंगांना ऐकू गेलं.

"आई?" मी विचारलं.

आई पदर खोचून उभी राहिली. "व्हय! चुलीची राख घातली, शेणाचा काला घातला. नि भाजी हवी झाली तं पयल्या तीन तुकड्यांतली खुडली. उपाशी पोराच्या तोंडचं कसं काढायचं? ती भाजी तू मिटक्या मारत खाल्लीस, तवा नाय विचारलंस!"

म्हणजे ज्यांना मी पोसलं त्यांना आईने खुडलं, आणि ज्याला मी उपाशी ठेवलं त्याला सगळ्या घराने जेवू घातलं. आणि मी त्याखाली लाल शाईने सही केली!

पण खरी गंमत पुढे झाली. चौघंही एवढे दिवस समजत होते, की चौथ्याची काळजी आपण एकट्यानेच घेतली. आता श्रेयावरून जुंपली! "कुटीनी वाढला!" "राखेबिगर मुळं धरतात काय?" "युरिया नसता तं हिरवा झाला असता?" प्रणिता मधूनच "ताक, ताक" म्हणत होती. शेतकरी वहीत उतरवून घेत होते. पेणच्या म्हाताऱ्याने माझ्या सासूबाईंना विचारलं, "कुटी किलोला किती पडते?" मॅडम हसून हसून बांधावर बसल्या. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "सर, ट्रायल रद्द करावी लागेल."

मी माईक बंद केला आणि मांडवामागे जाऊन बसलो. खरं सांगतो, मला रडू येत होतं. पस्तीस माणसांसमोर मी शून्य शून्य म्हणून नाचलो होतो.

संध्याकाळी पोपटी झाली. वाल पुंडलिककाकांनी दिला. मडकं उघडल्यावर बहिणी म्हणाल्या, "चांगला हाय वाल." आईही म्हणाली, "चांगला हाय." पण ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली नाही, आणि तिने चारच शेंगा खाल्ल्या. सकाळच्या फजितीपेक्षा ते बघून मला जास्त लागलं.

फेब्रुवारीच्या शेवटी मोहरी निघाली, झोडली, पोत्यांत भरली आणि पेणच्या एका व्यापाऱ्याला दिली. पहिल्या तीन तुकड्यांनी जेमतेम आपल्या खताचे पैसे काढले. चौथ्या तुकड्याला खर्च असा नव्हताच, आणि दाणा तर असा टपोरा, की व्यापाऱ्याने दुसऱ्या कोणाचा माल मिसळलाय का म्हणून विचारलं. त्या एका तुकड्याच्या जोरावर आठ गुंठ्यांनी वालाच्या वर नफा दिला!

मी घरी येऊन पैसे आईसमोर ठेवले. जिंकलो म्हणायची माझ्यात छाती नव्हती.

"जास्त हायेत," आईने मोजून सांगितलं. "हरले मी."

"नाही गं आई. तुझ्याच तुकड्याने दिलेत. तू वाल पेर. मी कागद घेऊन येत नाही पुन्हा."

आईने नोटा कनवटीला लावल्या. "वेडा हाईस काय? एवढी वर्सं वाल खाल्ला माझ्या हातचा, पर असं पिवळं सोनं कदी उभं राह्यलं काय घरामागं? पुढल्या वर्साला मव्हरीच!"

"पण काय पेरायचं ते मी ठरवणार होतो ना?"

"मंग ठरव की. काय पेरायचं?"

"मोहरी."

"तेच म्हणते मी."

"आणि खत?"

"खताचं काय ठरलं नव्हतं," आई म्हणाली. "ते मी, गिरजाबाय नि पुंडलिक बघू. सूनबाय ताक बघंल. तू कोपऱ्यात दोन गुंठं घे. त्यात वाल लाव पोपटीपुरता. तुझं ते काय, कंट्रोल, ते कर त्याच्यावर. काय बी घालू नको. मला बघायचं हाय तुला किती दिस राहवतं!"

मला राहवणार नाही? अठरा वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला? मी लगेच नवीन रजिस्टर आणलं.

यंदा सहा गुंठे मोहरी लागलीय आणि मांजरं आत्तापासूनच येऊन बसायला लागलीत. माझ्या वालाला काल तेवीस दिवस झाले. शेंड्याची पानं थोडी पिवळी दिसतात. तसं काही विशेष नाही, उन्हामुळे असेल, पण मोहरीशेजारी तो जरा बारीक वाटतो, एवढंच. काल पहिली शिफ्ट संपवून दुपारी आलो, घरात सगळ्यांचा डोळा लागलेला होता. पुंडलिककाकांच्या गोठ्यातून एक घमेलं शेणखत उचललं आणि वाकून वाकून कोपऱ्यात गेलो.

बघतो तर वालाच्या बुडाला माती आधीच काळी, ओली आणि हलवलेली! कोणीतरी माझ्या आधीच वाढून गेलं होतं.

मी चहूकडे बघितलं. मग माझंही घमेलं वाढलं, हात धुतले आणि घरी येऊन रजिस्टरमध्ये लिहिलं, 'खत: काही नाही.' या खेपेला सही मात्र केली नाही.